डॉ. जेरुशा झिराड

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका तरी कर्तबगार स्त्रीचे चरित्र असावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. अहिल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे ह्यांच्यावर कोणी ना कोणी लिहून झालेले आहे. यंदा माझी पाळी आली तेव्हा मी जरा आडवाटेचे नाव निवडले. आडवाटेचे ते आपल्या फलटणपुरते. मुंबईत आणि डॉक्टर मंडळींत हे नाव एके काळी फार मानाने घेतले जाई. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. जेरुशा झिराड ह्यांचे हे नाव. त्यांच्या डॉक्टरकीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला त्याबरोबरच त्यांच्या देवघरातल्या बंडाविषयीही सांगायचे आहे. बंड हा शब्द कदाचित त्यांना आवडला नसता, कारण त्यांनी कोणाशी भांडण मांडले नाही.

नाव ऐकून त्या पारशी किंवा ख्रिस्ती असतील असे काही जणींना वाटेल. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी समाजातल्या. अलिबागजवळ झिराड नावाचे गाव आहे, त्यावरून हे आडनाव आले. ह्या समाजाची पुष्कळ आडनावे अशीच गावावरून पडलेली: दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, रोहेकर. फार पुरातन काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरा सांगते. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. घरात बोलणे मराठी, बायकांच्या अंगावर लुगडे-चोळी, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. १८८० च्या सुमारास त्यांनी आपले कीर्तनही उचलले आणि अब्राहाम, मोशे, योसेफ ह्यांची आख्याने मराठीत उभी केली! आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीद म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी बांधले.

अशा घरात जेरुशाबाईंचा जन्म २१ मार्च १८९० रोजी झाला, तो मात्र कोकणात नव्हे तर म्हैसूर संस्थानात, शिमोग्याला. शाळेचे शिक्षण पुण्यात मुलींच्या हायस्कुलात, म्हणजे आपण जिला हुजूरपागा म्हणतो तेथे झाले. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण अतिशय आजारी पडली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या उपचाराने ती वाचली. आपणही डॉक्टरच व्हायचे, असे त्या पोरवयात जेरुशाबाईंनी ठरविले. लहानपणी आपण सर्वच जणी काही ना काही ठरवितो. पुढे पाटपाणी, पोळपाट आणि पाळणा ह्यांत ते कोठे जाते ते कळत नाही. ह्या मुलीचे ठरविलेले टिकले.

येथे कामा हॉस्पिटलाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पुरुष डॉक्टरासमोर जाण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या बायकांचा तो काळ. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीजणी त्या संकोचापायी गेल्या त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पेस्तनजी होरमसजी कामा ह्या पारशी गृहस्थांनी देणगी दिली आणि १८८६ साली हे रुग्णालय सुरू झाले. स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी आणि स्त्रियांच्याच हाती. पहिल्या प्रमुख डॉ. एडिथ पीची ह्या विलायतेहून आलेल्या. नंतरही प्रमुखपदाच्या खुर्चीवर विलायतेच्याच बाया बसत आल्या.

जेरुशाबाई ग्रँट मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १९१२ साली एल्. एम्. अँड एस्. झाल्या. घरच्यांना हातभार लावण्यासाठी त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्या सुमारास, १९१३ साली, मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ निघाले. त्याच्या संस्थापकांत ह्या तेवीस वर्षांच्या डॉक्टरीणबाई होत्या. आपले मंडळ काढताना आपल्यालाही घरोघर काय काय ऐकून घ्यावे लागले ते जुन्या सभासद भगिनींना आठवत असेल. तेव्हा १९१३ साली ते काय असेल ते सांगायला नको.

विलायतेला जाऊन प्रसूतिशास्त्राचे पुढचे शिक्षण घ्यावे ही त्यांची इच्छा. सरकारी शिष्यवृत्त्या होत्या, पण त्या पुरुषांसाठी. बाईमाणसाने समुद्रापार जाऊन एवढे कष्ट कशाला घ्यावेत, असा त्यामागे जणू काळजीचाच सूर. टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळत असे. ह्याच निधीच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांत १८९२ साली आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हे येथे मुद्दाम सांगते. ते कर्ज घेऊन जेरुशाबाई १९१४ मध्ये लंडनला गेल्या. आणि तेथे गेल्यावर सरकारचेही मन वळले. परदेशी शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्री ठरल्या. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पुरुष डॉक्टर आघाडीवर गेले आणि एरवी बंद असलेली इस्पितळांची दारे डॉक्टरीणबायांसाठी किलकिली झाली. त्या लढाईच्या धामधुमीत काम करीत, शिकत १९१९ साली त्या लंडन विद्यापीठाच्या एम्. डी. झाल्या, प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग ह्या विषयांत.

लंडनमध्ये त्यांनी आणखीही एक गोष्ट पाहिली. ती कळायची तर यहुदी लोकांच्या प्रार्थनेची रीत आधी समजून घेतली पाहिजे.

पुण्यात कॉलेजात असताना मी रास्ता पेठेत राहत होते. तेथे बेने इस्राएल लोकांची वस्ती आणि त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. आमच्या शेजारी त्या समाजाचे एक वृद्ध जोडपे राहत असे. आम्ही त्यांना काका-मावशी म्हणत असू. शनिवारी सकाळी काका मंदिरात निघाले की मावशी कपाटातून एक मखमली पिशवी काढून त्यांच्या हाती देत. पिशवीवरचे जरीचे भरतकाम मावशींचे. आत एक पांढरे वस्त्र असे, उपरण्याहून रुंद, काठाला पट्टे आणि चारी टोकांना गाठी मारलेल्या दोऱ्यांचे गोंडे. बेने इस्राएल त्याला सिसिथ म्हणतात. प्रार्थनेच्या वेळी पुरुष ते खांद्यांवरून पांघरतात. काका घरी आले की मावशी ते घडी घालून ठेवीत, उसवले तर शिवीत, कसर लागू नये म्हणून जपत. मी एकदा विचारले, मावशी, हे तुम्ही कधी पांघरता का? त्या नुसत्या हसल्या आणि कढीला फोडणी द्यायला उठून गेल्या. मोठे होईपर्यंत मला ते हसू कळले नव्हते.

हे वस्त्र पुरुषाला जन्मभर सोबत करते. कित्येक ठिकाणी लग्न लागते ते ह्याच वस्त्राच्या छताखाली, आणि शेवटी पुरुषाला पुरतात तेही त्यातच गुंडाळून. गोंड्यांपैकी एक तेवढा कापून टाकतात. आपल्याकडे मुंजीत मुलाच्या गळ्यात जानवे पडते आणि बहीण करवली म्हणून नटून मिरवते, तसाच काहीसा हा प्रकार.

पण त्यांच्या धर्मग्रंथात काय आहे म्हणाल, तर गणना नावाच्या ग्रंथात आज्ञा आहे की इस्राएलाच्या लेकरांनी वस्त्राच्या टोकांना गोंडे लावावेत, त्यांत निळा धागा घालावा आणि ते पाहून देवाच्या आज्ञांची आठवण ठेवावी. लेकरे म्हटले आहे. पुढे धर्मपंडितांनी अर्थ लावला की गोंडे पाहायचे म्हणजे दिवसाउजेडीच. म्हणून ही वेळेला बांधलेली आज्ञा झाली, आणि वेळेला बांधलेल्या पुष्कळशा आज्ञांतून स्त्रियांना सूट आहे. का सूट? तर त्यांच्यामागे घरचे काम, तान्ही मुले. विचार चांगलाच म्हणायचा! मूल रडत असताना आईने प्रार्थनेची वेळ गाठलीच पाहिजे असे कोण म्हणेल? परंतु सूट ही फार मऊ वस्तू आहे. तुला करण्याची गरज नाही, ह्याचे तू करू नये असे केव्हा होते, आणि करू नये ह्याचे करशील तर पाप असे केव्हा होते, ते घरातल्या कोणालाच कळत नाही. ही गोष्ट काही यहुद्यांचीच नव्हे. आषाढात माउलींची पालखी आपल्याकडे मुक्कामाला येते तेव्हा पाहावे. साधारणपणे वीणा विणेकरीबुवांच्या गळ्यात आणि तुळस बाईच्या डोक्यावर. बाई, तू कशाला एवढा वेळ उभी राहतेस, असे म्हणणारेही आपल्यावर माया करणारेच असतात. ती बाई मात्र डोक्यावर तुळशीचे ओझे घेऊन आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जाते.

यहुदी पंडितांतही ह्यावर एकमत कधी नव्हते. शौल राजाची कन्या मीखल ही प्रार्थनेच्या वेळी पुरुष बांधतात त्या कातडी डब्या, ज्यांना ते तेफिलीन म्हणतात, त्या बांधीत असे आणि शास्त्र्यांनी तिला हरकत घेतली नाही, असे त्यांच्या तालमूद ग्रंथात आले आहे. सोळाव्या शतकात क्राकोचे मोठे धर्मशास्त्री मोशे इस्सेर्लेस ह्यांनी निर्णय दिला तो असा की, स्त्रीने गोंड्यांचे वस्त्र घेतले तर चालेल, मात्र त्यात दिमाख दिसतो. पाप नाही, पण मिजास दिसते! हा निर्णय वाचून मला आपल्याकडच्या किती सासवा आठवल्या म्हणून सांगू. शिवाय स्त्रीने पुरुषाचा वेष करू नये असे एक वचन अनुवाद ग्रंथात आहेच. वस्त्राला विरोध करणारे तेही पुढे करीत. एकोणिसाव्या शतकात पूर्व युरोपातल्या लुडमिर गावी हान्ना राहेल नावाची एक आईवेगळी मुलगी होती. ती मोठी विदुषी झाली, पुरुषांसारखे प्रार्थनेचे वस्त्र व तेफिलीन धारण करू लागली, लोक तिच्याकडे उपदेशासाठी येऊ लागले. मग थोर थोर गुरूंनी तिला समजावून लग्नाला उभी केली. ते लग्न टिकले नाही. उतारवयात ती यरुशलेमला गेली आणि तेथेच वारली.

वस्त्राचे झाले तसेच जागेचे. जुन्या वळणाच्या प्रार्थनामंदिरात पुरुष खाली आणि बायका वर सज्जात किंवा पडद्याआड बसतात. सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसे लागतात, आणि माणूस म्हणजे तेरा वर्षे पुरी झालेला पुरुष. म्हणजे पाहा, नऊ पुरुष जमले आणि दहावे कोणी येईना, अशा वेळी दारात लंडनच्या एम्. डी. डॉ. जेरुशा झिराड उभ्या असल्या तरी प्रार्थना सुरू व्हायची नाही. तेरा वर्षे नुकतीच पुरी झालेला एखादा पोरगा गोट्या टाकून धावत आला की सुरू व्हायची.

तर अशा रीतीत वाढलेल्या जेरुशाबाई लंडनला गेल्या तेव्हा तेथे यहुदी धर्मात सुधारणेचा एक नवा पंथ उभा राहत होता. क्लॉड माँटेफिओरे हे विद्वान गृहस्थ आणि मिस लिली माँटेग्यू ह्या त्याच्या पुढारी. लिलीबाईंचे वडील बडे सावकार, लॉर्ड झालेले आणि धर्माने कडक जुन्या वळणाचे. ही मुलगी विशीतच कामकरी पोरींसाठी क्लब चालवू लागली. त्या पोरींना हिब्रू प्रार्थना कळत नाही आणि देवळात त्यांना जागा नाही, हे पाहून १९०२ साली तिने पुढाकार घेऊन ज्यूइश रिलिजस युनियन नावाचा संघ उभा केला. त्यात स्त्री-पुरुष एकत्र बसत आणि प्रार्थना इंग्रजीतही होत. १९१८ साली लिलीबाईंनी स्वतः प्रार्थनामंदिरात व्यासपीठावरून प्रवचन केले. जेरुशाबाई तेव्हा लंडनमध्येच होत्या. त्या ह्या मंडळींच्या सहवासात आल्या आणि हे वारे त्यांच्या अंगात भरले.

परत आल्यावर लगेच काही त्यांनी धर्मसुधारणेचे निशाण उभारले नाही. आधी नोकरी. दिल्लीला लेडी हार्डिंज रुग्णालयात, मग बंगलोरच्या प्रसूतिगृहात काही वर्षे काढून त्या मुंबईला आल्या. आणि १९२५ साली त्यांनी व त्यांची बहीण लेआ ह्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. नाव लंडनचेच ठेवले. त्यात हिब्रूबरोबर कळेल अशा भाषेत प्रार्थना, आणि बायका व पुरुष एका ठिकाणी. एवढेच. वाचायला किती साधे वाटते! परंतु शेकडो वर्षे ज्या समाजाने परक्या मुलखात सगळे विसरून शनिवार, सुंता आणि एक लहानशी प्रार्थना एवढेच धरून ठेवले, त्या समाजात रीत बदलणे म्हणजे घरचा कुळाचार बदलण्याहून अवघड. जुन्या मंदिरांतील पुष्कळांना ते रुचले नाही. त्यांचेही मी समजू शकते. आपण हातचे सोडले तर उरेल काय, ही भीती लहान समाजाला फार असते. जेरुशाबाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही, जुन्या मंदिराच्या पायऱ्यांवर धरणे धरले नाही, आपल्याला खाली बसू द्या म्हणून अर्जही केला नाही. त्यांनी वेगळी बैठक घातली आणि ज्यांना यायचे त्यांना बोलाविले. पुढे भायखळ्याला ह्या संघाचे रोडेफ शालोम हे प्रार्थनामंदिर झाले. शांतीचा पाठपुरावा करणारा, असा त्या हिब्रू नावाचा अर्थ आहे.

आपल्या सातारा-सांगलीकडच्या बायकांना हे अगदीच अपरिचित वाटू नये. मिरजेला वेणाबाईंचा मठ आहे. बालविधवा झालेल्या ह्या बाईंना समर्थांनी कीर्तनाला उभे केले आणि मठ सोपविला. आपल्या फलटणला महानुभावांची यात्रा भरते तेव्हा संन्यासाचे वस्त्र घेतलेल्या बाया आपण पाहतो. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात स्त्रियांना संन्यास दिला, त्या परंपरेतल्या त्या. दोन्हीकडे गुरूने दिले. जेरुशाबाईंना मुंबईत देणारा गुरू कोणी नव्हता. त्यांनी आणि बहिणीने मिळून ते घेतले, म्हणून मला त्यांचे विशेष वाटते.

त्यांच्याच पिढीतली दुसरी एक यहुदी स्त्री येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बर्लिनची रेगिना योनास, जन्म १९०२. घरची गरिबी, वडील लवकर गेलेले. स्त्रीला रब्बी म्हणजे धर्मगुरू होता येईल काय, ह्या विषयावर तिने १९३० साली प्रबंध लिहून दिला आणि शास्त्राधारे उत्तर दिले की होता येईल. पंडितांनी प्रबंध वाखाणला, पण दीक्षा द्यायला कोणी धजेना. अखेर २७ डिसेंबर १९३५ रोजी माक्स डिनेमान नावाच्या रब्बींनी ती दिली. जर्मनीतले रब्बी काळा पायघोळ झगा घालीत. रेगिनाचे जे छायाचित्र उरले आहे त्यात तिच्या अंगावर तोच झगा आहे आणि डोक्यावर टोपी. हिटलरच्या राज्यात रब्बी एकेक करून देश सोडून गेले किंवा नाहीसे झाले, तेव्हा इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत जाऊन लोकांना धीर देण्याचे काम ह्या बाईने केले. १९४२ च्या नोव्हेंबरात तिला आईसह तेरेझिनश्टाट येथील छावणीत नेले. तेथेही तिची प्रवचने चालू होती. १९४४ च्या ऑक्टोबरात दोघींना आउश्वित्झला पाठविले आणि तेथे त्या मारल्या गेल्या. रेगिनाचे कागद बर्लिनच्या दप्तरात पडून होते. १९९१ साली ते एका संशोधक स्त्रीच्या हाती लागले, तोवर तिचे नाव जवळजवळ कोणी घेत नव्हते. १९७२ साली अमेरिकेत सॅली प्रीसँड रब्बी झाल्या तेव्हा जगभर त्यांनाच पहिली स्त्री रब्बी म्हटले गेले.

आता पुन्हा मुंबईला येऊ. १९२८ साली जेरुशाबाईंची कामा हॉस्पिटलच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. ह्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या हिंदी स्त्री. जेथे अकराव्या वर्षी बहिणीला वाचलेले पाहिले, तेथेच त्या १९४७ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे प्रमुख होत्या. सर्व जातींच्या आणि सर्व धर्मांच्या बायका तेथे बाळंतपणाला येत. हुशार हिंदी मुलींना शस्त्रक्रिया हाताला धरून शिकविणे हे त्यांचे तितकेच मोठे काम. आज प्रसूतितज्ज्ञ स्त्री डॉक्टर तालुक्याच्या गावीही असते. त्या काळी ती मुंबईतही शोधावी लागे.

आपल्या भागातली जुनी बाळंतपणे ज्यांना आठवतात त्यांना त्यांच्या कामाचे मोल अधिक कळेल. अंधारी खोली, खाटेखाली शेगडी, खिडक्या बंद, सुईणीचे न धुतलेले हात. बाळंतीण गेली तर नशिबाचा भाग, असे म्हणून लोक मोकळे होत. मुंबई शहरात बाळंतपणात बायका का मरतात, ह्याची जेरुशाबाईंनी चौकशी हाती घेतली, मृत्यूंची कारणे पद्धतशीर तपासली आणि त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. नशीब हे कारण त्यांनी मान्य केले नाही. रक्त कमी असणे, गरोदरपणी तपासणी न होणे, वेळेवर इस्पितळात न पोचणे, जंतुदोष, ही कारणे अशी की ज्यांवर माणसाला काही करता येते. अशी कारणे एकदा कागदावर आली की नगरपालिकेला आणि सरकारला हात झटकता येत नाहीत. लग्न त्यांनी केले नाही. परंतु किती बायकांच्या संसारात त्यांच्यामुळे आई उरली, त्याची गणती करता यायची नाही.

मानसन्मान त्यांना यथाकाल मिळाले. १९४५ साली सरकारने एम्. बी. ई. दिली, १९४७ साली लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने फेलो करून घेतले. त्याच वर्षापासून दहा वर्षे त्या हिंदुस्थानातील डॉक्टर स्त्रियांच्या संघाच्या अध्यक्ष होत्या. १९५० साली देशातील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ स्थापन झाला, त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९६६ साली पद्मश्री मिळाली.

ह्या काळात त्यांचा समाज मात्र पांगत होता. स्वातंत्र्याच्या वेळी बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि घरेच्या घरे तिकडे निघाली. रास्ता पेठेतले आमचे काका-मावशीही मुलांकडे गेले. मखमली पिशवी मावशींनी ट्रंकेत न ठेवता हातात घेतली होती. जेरुशाबाई येथेच राहिल्या आणि १९८३ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

वस्त्राचा तंटा त्यांच्या मागेही चालूच राहिला. १९८८ साली यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी काही यहुदी बायका जमून, अंगावर प्रार्थनावस्त्र घेऊन मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. लोकांनी त्यांच्यावर खुर्च्या फेकल्या. पुढे दर महिन्याच्या पहिल्या दिवशी त्या जमू लागल्या आणि २००९ नंतर तर खांद्यावर हे वस्त्र घेतल्याबद्दल पोलिसांनी त्यांच्यातल्या कितीएक जणींना धरून नेले. २०१३ च्या एप्रिलमध्ये यरुशलेमच्या न्यायालयाने सांगितले की असे वस्त्र घेऊन प्रार्थना करणाऱ्या बायका तेथील रीतीचा भंग करीत नाहीत. भिंतीजवळ बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू अजून वेगळीच आहे, आणि बायकांची बाजू अरुंद आहे.